मका उत्पादकाच्या नजरेतून शेतातील स्वयंचलित हवामान केंद्र

नाशिक जिल्ह्यात शेताच्या बांधावर उभे असलेले स्वयंचलित हवामान केंद्र ही आता नवलाई राहिलेली नाही. निफाड, दिंडोरी आणि चांदवड या तालुक्यांतील द्राक्षबागांमध्ये पांढऱ्या तबकड्यांची चळत, वर पर्जन्यमापक आणि बाजूला लहानसे सौरपटल असलेला खांब जागोजागी दिसतो. भुरी आणि केवडा या बुरशीजन्य रोगांचा अंदाज आधी मिळाला, तर फवारणीचा खर्च वाचतो, हे द्राक्ष बागायतदारांना पटलेले आहे. मात्र याच जिल्ह्यात येवला, मालेगाव, नांदगाव, बागलाण आणि चांदवड या पट्ट्यांत मका हे खरिपाचे मुख्य पीक असून, त्याच्याबरोबर सोयाबीन, बाजरी आणि रब्बीत गहू-हरभरा घेतला जातो. या पिकांसाठी असे यंत्र घेणे परवडते का, आणि घेतल्यास त्यातले नेमके काय उपयोगी पडते, याविषयी मराठीत फारसे लिहिलेले वाचायला मिळत नाही. येवला तालुक्यातील भारी काळ्या जमिनीत मका, सोयाबीन आणि गहू या पिकांसाठी असे यंत्र वापरल्यानंतरचा हा अभिप्राय आहे. यंत्र नाशिक शहरातील एका विक्रेत्याकडून घेतले. त्या कंपनीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण या वर्गातील बहुतेक यंत्रांची घडण सारखीच असून पुढील निरीक्षणे त्यांपैकी कोणत्याही यंत्राला कमीअधिक प्रमाणात लागू पडतील.

अशा यंत्राची गरज का भासते, हे आपल्या जिल्ह्याच्या भूगोलातच आहे. इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, नाशिक शहरात तो साधारण ७०० मिलिमीटरवर येतो आणि येवला-मालेगावकडे पोहोचेपर्यंत ५०० मिलिमीटरच्या आसपास उरतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या पूर्व भागासाठी ‘नाशिक जिल्ह्यात मध्यम पावसाची शक्यता’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. जिल्ह्याचा म्हणून सांगितलेला पाऊस घाटमाथ्यावर पडून जातो आणि पूर्वेकडील शेतकरी आभाळाकडे पाहत राहतो. शेजारच्या शिवारात झड लागलेली असताना आपल्याकडे नुसता शिंतोडा, हे तर दर पावसाळ्यात घडते.

यंत्राची किंमत बसवण्याच्या खर्चासह साधारण ४० हजार रुपयांच्या घरात गेली आणि त्यावर माहिती मोबाईलवर मिळण्यासाठी वार्षिक वर्गणी वेगळी आहे. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये जाहीर केला. त्या हिशेबाने हे यंत्र सुमारे १७ क्विंटल मक्याच्या किमतीचे होते, आणि बाजार समितीत प्रत्यक्ष मिळणारा भाव हमीभावाखाली राहिला, तर त्याहूनही जास्त. द्राक्षाच्या एका एकरात हा खर्च सहज सामावतो, मक्याच्या एका एकरात तो सामावत नाही. त्यामुळे यंत्राचा प्रत्येक भाग स्वतःचा खर्च भरून काढतो की नाही, याच कसोटीवर तो तपासला पाहिजे.

यंत्रातील सर्वांत मोलाचा भाग जमिनीत गाडलेले ओलावामापक आहेत, हे मत प्रथमच नोंदवून ठेवतो. एक संवेदक १५ सेंटीमीटर आणि दुसरा ४५ सेंटीमीटर खोलीवर बसवलेला आहे. मक्याच्या बाबतीत पाण्याचे दोन धोके अगदी वेगवेगळ्या वेळी येतात आणि दोन्ही जमिनीच्या आत घडतात. पहिला धोका जास्त पाण्याचा. मक्याचा वाढबिंदू पाच-सहा पाने येईपर्यंत जमिनीच्या पृष्ठभागाखालीच असतो. या काळात शेतात दोन दिवसांहून अधिक पाणी साचले, तर मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि रोप पिवळे पडून खुंटते. जमीन उष्ण असेल, तर हे नुकसान आणखी लवकर होते. शिवाय साचलेल्या पाण्यात दिलेला नत्र काही प्रमाणात झिरपून आणि काही प्रमाणात वायुरूपाने निघून जातो. झडीनंतर पिवळा पडलेला मका पाहून शेतकरी घाईने युरिया टाकतो, पण मुळे श्वास घेत नसतील, तर तो युरिया उचलणार कोण? अशा वेळी वरच्या संवेदकाचा आकडा उतरू लागेपर्यंत थांबणे आणि वाफसा, म्हणजे मशागतीयोग्य ओल, आल्यावर खत देऊन कोळपणी करणे, हा निर्णय यंत्रामुळे निश्चितपणे घेता आला. अनुभवी शेतकऱ्याला वाफसा पायाखाली कळतो हे खरेच आहे. परंतु भारी जमिनीत वरचा थर सुकलेला दिसत असताना खाली चिखल असतो, आणि हा फरक दोन वेगळ्या खोलींवरील आकडे शेजारी शेजारी पाहिल्यावर जितका स्पष्ट होतो, तितका तो पायाला कळत नाही.

दुसरा धोका ताणाचा, आणि तो मका तुऱ्यावर आल्यापासून कणसात दाणा धरेपर्यंतच्या काळात सर्वाधिक असतो. कणसातील प्रत्येक दाण्यामागे एक स्त्रीकेसर, म्हणजे कणसातून बाहेर येणारा रेशमी धागा, असतो. तुऱ्यातून पराग साधारण सकाळच्या वेळी झडतात आणि काही दिवसांत संपतात. पाण्याचा ताण पडला की तुरा जवळजवळ वेळेवर येतो, पण स्त्रीकेसर उशिरा बाहेर पडतात. पराग संपल्यावर बाहेर आलेल्या केसरांना फलधारणेची संधीच राहत नाही. कणसाच्या बुडाकडील केसर आधी बाहेर पडतात आणि टोकाकडील शेवटी, म्हणून ताण पडलेल्या शेतात टोके रिकामी असलेली कणसे दिसतात. शिफारशींमध्ये मक्याला पाणी देण्याच्या ज्या महत्त्वाच्या अवस्था सांगितल्या जातात, त्यांत तुरा बाहेर पडण्याची ४५ ते ५० दिवसांची, फुलोऱ्याची ६० ते ६५ दिवसांची आणि दाणे भरण्याची ७५ ते ८० दिवसांची अवस्था येते, त्याचे कारण हेच आहे.

या संदर्भात २०२३ चा खरीप विसरता येत नाही. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि जून-जुलैत पेरलेला मका नेमका त्याच काळात तुऱ्यावर येत होता. पुढे राज्य सरकारने जिल्ह्यातील येवला, मालेगाव आणि सिन्नर हे तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले. ज्यांच्या विहिरीत एक-दोन पाण्यांपुरता साठा होता, त्यांच्यापुढे ते पाणी नेमके कधी द्यायचे हा प्रश्न होता. तुरा येण्याआधी देऊन टाकावे की स्त्रीकेसर बाहेर पडेपर्यंत धरून ठेवावे? अशा निर्णयासाठी ४५ सेंटीमीटरवरील ओलावा किती वेगाने उतरतो आहे, हे माहीत असणे फार उपयोगाचे असते. खालचा थर अजून ओल देत असेल, तर पाणी चार दिवस पुढे ढकलता येते. यंत्र पाऊस आणू शकत नाही आणि पालखेड डाव्या कालव्याचे आवर्तनही त्याच्या सांगण्यावरून सुटत नाही. मात्र हातात असलेले थोडे पाणी योग्य दिवशी वापरण्यास ते मदत करते, आणि कोरडवाहू भागात हीच मदत सर्वांत मोठी आहे.

आता याच भागाविषयीची गंभीर तक्रार. काळी जमीन सुकली की भेगाळते आणि संवेदकाच्या भोवती पोकळी तयार होते. त्या पोकळीत हवा शिरली की आकडा एकाएकी खाली येतो आणि मोबाईलवर ‘तातडीने पाणी द्या’ असा संदेश येतो, प्रत्यक्षात बाजूच्या मातीत ओल असते. पुढच्या पावसाचे पाणी त्याच भेगेतून थेट खाली उतरले की खालचा संवेदक वरच्यापेक्षा आधी ओला होतो आणि सगळाच हिशेब उलटा दिसू लागतो. बसवणाऱ्या तंत्रज्ञाने याची कल्पना दिली नव्हती. संवेदक गाडताना त्याच शेतातील मातीचा पातळ चिखल करून तो भोवती घट्ट बसवला आणि जागा मक्याच्या ओळीत, म्हणजे सावली राहील अशी निवडली, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. दुसरी अडचण अशी की ॲपमधील हिरवा, पिवळा आणि लाल पट्टा कोणत्या तरी मध्यम जमिनीसाठी ठरवलेला आहे. हलक्या मुरमाड जमिनीत २० टक्के ओलावा समाधानकारक असेल, पण भारी काळ्या जमिनीत तेवढ्याच आकड्यावर पीक माना टाकते, कारण चिकणमाती ते पाणी घट्ट धरून ठेवते. म्हणून दमदार पावसानंतर दोन-तीन दिवसांनी, निचरा होऊन आकडा स्थिरावला की तो लिहून ठेवावा आणि तीच आपल्या शेताची वरची मर्यादा मानावी. ही सोय ॲपमध्येच असायला हवी होती.

तापमानाची नोंद हा दुसरा उपयुक्त भाग आहे. मक्याची वाढ दिवसांवर मोजण्यापेक्षा मिळालेल्या उष्णतेवर मोजणे अधिक अचूक ठरते. त्यासाठी दिवसाच्या कमाल आणि किमान तापमानाची सरासरी काढून त्यातून १० अंश वजा करतात. कमाल ३० च्या वर गेले तर ३० च धरतात आणि किमान १० च्या खाली गेले तर १० धरतात. खरिपात कमाल ३१ आणि किमान २२ अंश असलेला दिवस पिकाला १६ उष्णता-अंश देतो. डिसेंबरात कमाल २८ आणि किमान ८ अंश असलेला दिवस केवळ ९ देतो. रब्बी मका खरिपापेक्षा इतका का रेंगाळतो, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. यंत्र ही बेरीज आपोआप करते आणि पेरणीची तारीख दिली की तुरा केव्हा येईल, याचा अंदाज दाखवते. आमच्या शेतात हा अंदाज बराच जवळ आला आणि पाण्याचे तसेच मजुरांचे नियोजन त्यावर करता आले. उन्हाळी मका घेणाऱ्यांसाठी तर हा आकडा अधिकच मोलाचा आहे, कारण पारा ३८ अंशांच्या वर असताना तुरा आला, तर पराग वाळून निकामी होऊ लागतात. पेरणी मागेपुढे करून तो काळ टाळणे, एवढाच उपाय शेतकऱ्याच्या हाती असतो. रात्रीच्या तापमानाची नोंदही पाहण्यासारखी असते. दाणे भरताना रात्री उबदार राहिल्या, तर पिकाने दिवसा तयार केलेले अन्न श्वसनात अधिक खर्च होते आणि भरण्याचा काळही आखडतो.

गव्हाच्या बाबतीत हे आणखी तीव्रपणे जाणवते. निफाडजवळ कुंदेवाडी येथे गहू संशोधन केंद्र आहे, आणि निफाडच्या थंडीच्या बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतो. ही थंडी फुटव्यांसाठी हवी असते. पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकली नाही, तर दाणे भरण्याचा काळ फेब्रुवारी-मार्चच्या उष्णतेत सापडतो आणि दाणा बारीक राहतो. २०२३ चा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या हिशेबाने देशात १९०१ पासूनचा तोवरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला होता. खरिपाचा मका काढून गहू पेरणाऱ्याला मक्याची काढणी लांबली की गव्हाची पेरणी लांबते, म्हणून उष्णतेची बेरीज मक्यापासूनच ठेवली पाहिजे.

पर्जन्यमापक हा साधा भाग आहे. त्यातील लहान पारडे ०.२ मिलिमीटर पावसाला एकदा कलंडते आणि कलंडण्याची संख्या मोजली जाते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी, त्यामुळे या आकड्याची अचूकता बिनमहत्त्वाची नाही. ढगफुटीसारख्या जोरदार सरीत पारड्याला पाण्याचा वेग झेपत नाही आणि नोंद कमी पडते, हा या प्रकारच्या मापकाचा सर्वज्ञात दोष आहे. नरसाळ्यात धूळ, पाने आणि कोळ्याची जाळी साचली तर पाऊस संपल्यावरही यंत्र पाऊस दाखवत राहते. पावसाळ्याआधी साफसफाई करून मोजलेले पाणी सावकाश ओतून तपासणी करणे आवश्यक आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अतिवृष्टीच्या नुकसानभरपाईसाठी २४ तासांत ६५ मिलिमीटरची जी अट आहे, ती महसूल मंडळातील शासकीय नोंदीवर पाहिली जाते. आपल्या खासगी यंत्राने ९० मिलिमीटर दाखवले, तरी त्याला तेथे स्थान नाही. विक्रेत्याच्या बोलण्यातून तसा समज होऊ शकतो, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

पानांच्या ओलेपणाचा संवेदक आणि रोगांचे इशारे हा भाग आमच्या दृष्टीने वाया गेला. ॲपमधील सगळी गणिते द्राक्ष, डाळिंब आणि टोमॅटोसाठी बांधलेली आहेत. मक्याच्या पानांवरील करपा दमट आणि तुलनेने थंड हवेत वाढतो, त्यामुळे पाने किती तास ओली राहिली ही माहिती मक्यालाही उपयोगी पडली असती, पण पिकांच्या यादीत मका निवडला की हा विभाग रिकामा दिसतो. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात आली, तेव्हापासून मका उत्पादकाची सर्वांत मोठी चिंता तीच आहे. तिचा जीवनक्रम तापमानावर चालतो, उष्ण हवेत पिढी लवकर पूर्ण होते आणि जोरदार पावसात पोंग्यातील, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतील, लहान अळ्या बुडून मरतात. तापमान आणि पाऊस दोन्ही यंत्राकडे असताना अळीचा इशारा देणे अवघड नव्हते. कामगंध सापळे लावून आणि पोंगे तपासूनच आम्हाला निर्णय घ्यावा लागला. पैसे वाचवायचे असतील, तर मका-सोयाबीनवाल्यांनी हा संवेदक वगळून दर मागावा.

यंत्राची जागा हा द्राक्षबागेत न येणारा प्रश्न आहे. विक्रेता देतो तो खांब साधारण पुरुषभर उंचीचा असतो. मका तुऱ्यावर येईपर्यंत त्याहून उंच होतो. तेव्हा वाऱ्याचे मापन जवळजवळ थांबते, पाऊस पानांआड अडतो आणि आर्द्रता पिकाच्या आतली दिसू लागते. खांब बांधावर मोकळ्या जागी उभा करून केवळ ओलावामापकांची तार पिकात नेणे, हा त्यावरचा मार्ग आहे. त्यासाठी लांब तार आधीच मागून घ्यावी लागते, आणि ती नांगरटीच्या वेळी तुटू नये म्हणून नळीत घालून खोल पुरावी लागते. पत्र्याच्या शेडपासून आणि विहिरीवरील खोलीपासून खांब दूर ठेवला नाही, तर दुपारचे तापमान फुगलेले दिसते.

ॲपमधील हवामान अंदाजासाठी मात्र वेगळे पैसे देण्याचे कारण दिसत नाही. भारतीय हवामानशास्त्र विभागाचा पाच दिवसांचा अंदाज आणि कृषी सल्ला ‘मेघदूत’ ॲपवर विनामूल्य मिळतो आणि तो मंगळवारी व शुक्रवारी अद्ययावत होतो. विजांसाठी ‘दामिनी’ आहे. पुढे काय होणार यासाठी या सार्वजनिक सेवा आणि आपल्या शेतात काय झाले यासाठी स्वतःचे यंत्र, अशी विभागणी आम्ही केली आहे. काढणीच्या वेळी दोन्हींचा मेळ फार कामास येतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीच्या आणि अवकाळी पावसाने जिल्ह्यात काढणीस आलेला मका भिजला आणि कणसांना जागेवर कोंब फुटले, हे सर्वांना आठवत असेल. दाण्यातील ओलावा १४ टक्क्यांच्या आत आल्याशिवाय खरेदी केंद्रावर मका स्वीकारत नाहीत, आणि ओला मका साठवला तर बुरशी लागते. हवेतील आर्द्रता सलग कमी राहिलेले दिवस यंत्रावर पाहून मळणीचा दिवस ठरवता येतो.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल समाधान मध्यमच आहे. दूरध्वनी उचलला जातो, बोलणे सौजन्याचे असते, परंतु तंत्रज्ञ द्राक्षाच्या हंगामात बागांमध्ये गुंतलेला असल्याने मका-गहूवाल्यांना थांबावे लागते. बॅटरी कमी झाल्याने ऐन श्रावणातील झडीत नोंदी तुटल्या, तेव्हा दुरुस्तीस उशीर झाला. ढगाळ हवेत सौरपटल पुरेसे भारित होत नाही आणि नेमक्या त्याच दिवसांत पावसाची नोंद हवी असते, म्हणून मोठ्या क्षमतेची बॅटरी खरेदीच्या वेळीच मागावी.

एकट्या शेतकऱ्याने पाच-सहा एकर मक्यासाठी हे पूर्ण यंत्र घ्यावे, असे सुचवता येत नाही. हवेचे तापमान, आर्द्रता आणि पाऊस यांची नोंद लगतच्या शिवारातील दहा-बारा शेतकऱ्यांना एकत्र वापरता येते. ओल मात्र प्रत्येकाच्या जमिनीची वेगळी असते. त्यामुळे गटाने मिळून एक केंद्र उभारावे आणि हलक्या, मध्यम व भारी जमिनीत एकेक ओलावामापक जोडी बसवावी, हा व्यवहार परवडणारा आहे. करार करताना एक मुद्दा लेखी घ्यावा: वर्गणी थांबली, तरी जुन्या नोंदी शेतकऱ्याला मिळाल्या पाहिजेत. आमच्या करारात तशी तरतूद नाही, म्हणून दर महिन्याच्या अखेरीस सगळे आकडे उतरवून घेऊन वहीत पेरणीची तारीख, तुऱ्याची तारीख आणि एकरी उतारा यांच्याशेजारी लिहून ठेवतो.